ब्रेकवरचा पाय

६ ऑक्टोबर, सोमवार

बियाण्याच्या दुकानातून मिळालेली ही डायरी वर्षभर कोरीच पडली होती. आजपासून लिहितो. कंपनीने टॅबवर रोजची नोंद भरायला सांगितली आहे, पण तिथे वेळ, वेग आणि अडथळा एवढेच रकाने आहेत. छातीतल्या धडधडीला रकाना नाही. ती इथे लिहीन.

आधी हे लिहून ठेवतो की मला ही नोकरी नको होती. मी पाच वर्षं अॅम्ब्युलन्स चालवली आहे. रस्त्यावर जे काही होतं ते सगळं माझ्या मागच्या स्ट्रेचरवर यायचं. शेवटी शेवटी रिकामी गाडी चालवतानाही समोर चालणारा माणूस मला आडवाच दिसायला लागला. मग सोडली. गेली तीन वर्षं बायकोच्या, ममताच्या, झेरॉक्सच्या दुकानात बसतो. ती लोकांचे अर्ज भरते, मी पानं लावून स्टेपल मारतो. यात कोणी मरत नाही.

जाहिरात ममतानेच पाहिली. स्वतः चालणारी गाडी आमच्या रस्त्यांवर शिकवायची आहे. कागदावर ती सर्व्हेची गाडी आहे, म्हणून ड्रायव्हर लागतो. इंजिनीअर सुरभी मॅडम मूळच्या उमरखेडच्या, आता पुण्याला असतात. त्या म्हणाल्या, जी गाडी यवतमाळ जिल्ह्यात चालली ती कुठेही चालेल. हे आमचं कौतुक होतं की काय, कळलं नाही.

मुलाखतीला चौदा ड्रायव्हर आले होते. उमरखेडचे मोठ्या मिशांचे पंजाबराव वीस वर्षं काळीपिवळी चालवतात. ते म्हणाले, "मी डोये मिटून चालवतो." माझी पाळी आली. गाडी चालवताना काय वाटतं, असं मॅडमनी विचारलं. मी खरं सांगितलं, "भेव वाटते." माझी निवड झाली. कंपनीच्या अशा तीन गाड्या आहेत; दुसऱ्या गाडीवर पंजाबरावांचीही झाली. म्हणजे कंपनीला नेमकं काय हवं आहे?

काम असं आहे : ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं आणि चालवायचं नाही. हात स्टिअरिंगपासून चार बोटं लांब. पाय ब्रेकच्या वर, पण टेकवायचा नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

पहिली फेरी. दिग्रसहून पुसदच्या रस्त्याने तीस किलोमीटर आणि परत. मागच्या सीटवर मॅडम, मांडीवर लॅपटॉप. मी पट्टा बांधला, बटण दाबलं आणि स्टिअरिंग आपोआप फिरलं. मी दार उघडलं. चालत्या गाडीचं.

"कपिलभाऊ, दार लावा आधी," मॅडम म्हणाल्या. शांतपणे म्हणाल्या, हे त्यांचे उपकार.

गाडी वाईट चालवते असं नाही. बकऱ्या, खड्डे, उलट्या बाजूने येणारा ट्रॅक्टर, सगळं तिला माझ्याआधी दिसतं. पडद्यावर माणसाभोवती पिवळा चौकोन येतो, जनावराभोवती निळा. ती चौकोन काढते आणि पुढे जाते. शाळेतून सुटलेल्या पोरी रस्ता ओलांडत होत्या तेव्हा तिने ब्रेक लावला, अगदी बरोबर लावला. पण तिच्या जिवाचं पाणी झालं नाही. माझं झालं.

मी एकूण एकेचाळीस वेळा ब्रेक दाबला. मॅडम रागावल्या नाहीत. "तुम्ही असेच भीत राहा," म्हणाल्या. घरी येऊन शर्ट काढला तर तो पाठीला चिकटला होता.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज जेवायच्या सुट्टीत मॅडमनी टॅबवर प्रश्न दिले. ब्रेक निकामी झाला आहे. डावीकडे एक म्हातारी, उजवीकडे दोन तरुण. गाडीने कोणावर जावं? पुढचा प्रश्न : एक डॉक्टर आणि एक भिकारी. त्याच्या पुढचा : एक गरोदर बाई आणि गाडीत बसलेले तुम्ही.

मी म्हणालो, "मॅडम, नालीत घाला म्हणा तिले. मले घेऊन."

"तसा पर्याय नाही, भाऊ. दोनातलंच एक निवडायचं."

हे प्रश्न हजारो लोक भरतात म्हणे. कोणी चहा पीत भरत असेल. मी पाच वर्षं ज्यांना उचललं त्यांच्यातलं एकही माणूस मला पर्याय म्हणून दिसलं नव्हतं. माझं बोट बराच वेळ तसंच थांबलं, मग पडदाच विझला.

संध्याकाळी दुकानात ममताला पहिला प्रश्न वाचून दाखवला. ती अर्जावरून मान वर न करता म्हणाली, "गाडी एवढ्या जोरात काहून जाऊन राह्यली, ते इचारा त्याइले."

१३ ऑक्टोबर, सोमवार

सोयाबीन निघालं. मोठ्या वावरांचं मळणीयंत्रात जातं. पण ज्यांचं थोडं असतं, किंवा ज्या बाया दुसऱ्याच्या वावरात मागे राहिलेला सरवा वेचून आणतात, त्या झाडं तशीच डांबरी रस्त्यावर पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांखाली शेंगा फुटतात, दाणे खाली बसतात आणि वर कुटार, म्हणजे भुसा, राहतं. मी लहानपणापासून हे पाहत आलो आहे. गाडीने कधी पाहिलं नव्हतं.

बंजाऱ्यांच्या तांड्याजवळच्या वळणापुढे तिथल्या लालीबाईने अर्धा रस्ता भरून सोयाबीन पसरलं होतं. गाडी त्याच्यापुढे थांबली आणि पडद्यावर लाल पट्टा आला. हलेचना. मागे एस.टी., तिच्यामागे दोन ट्रॅक्टर, हॉर्नवर हॉर्न. लालीबाई सत्तरीची आहे, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. ती उठून काचेवर थापा मारायला लागली.

"काहून थांबला रे? घाल ना वरून! त्याच्यासाठीच तं टाकलं!"

एस.टी.चा कंडक्टर खिडकीतून ओरडला, "नवा हाय का बे?"

भर रस्त्यात माझी शोभा झाली. कान गरम झाले. मॅडम मागून म्हणाल्या, "अॅक्सिलरेटर हलकेच दाबा. ती तुमचं ऐकेल. आणि लक्षातही ठेवेल."

दाबला. चाकाखाली शेंगा कडकड फुटल्या. लालीबाईने हात हलवून 'जा जा' केलं आणि परत कडेला जाऊन बसली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

रस्ताभर सोयाबीन आहे. चार दिवसांत मी त्रेसष्ट वेळा पाय दाबला. आज दुपारी मी पाय हलवायच्या आधीच ती आपणहून कुटारावरून गेली. वेगही कमी केला नाही. मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

दिवसभर शिकलेलं ती संध्याकाळी कंपनीला पाठवते आणि तिथून ते बाकीच्या दोन्ही गाड्यांना मिळतं. म्हणजे उमरखेडला पंजाबरावांच्या गाडीलाही मीच शिकवलं. "तुम्ही आता गुरुजी झालात," मॅडम म्हणाल्या. मला आजवर कोणी गुरुजी म्हटलं नव्हतं. येताना ममतासाठी अर्धा किलो जिलेबी घेतली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळीच्या सुट्टीनंतर परत फेऱ्या. तांड्याजवळच्या कडूनिंबाखाली डबा खाल्ला. लालीबाईने उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा दिल्या. मी तिला आता याडी म्हणतो, तांड्यात आईला तसंच म्हणतात.

मी म्हणालो, "याडी, दिवसभर उन्हात बसते, घरी जात जाय ना."

"घरी काय करू? इथं गुडघ्याले बरं वाटते." तिने दाखवलं. खाली तापलेलं डांबर, वरून उन्हातलं गरम कुटार गुडघ्यांवर ओढून घेते आणि दुपारी तशीच आडवी होते. "ठणका पार उतरते पाह्य. ऊन लागलं की तोंडावर बी घेतो."

"रस्त्यावर निजते?"

"कडेलेच निजतो ना बाप्पा. सारे डायवर वळखतात मले. दोनदा हॉर्न मारतात, मंग मी पाय ओढून घेतो."

घरी येऊन ममताला ही गंमत सांगितली. ती हसली नाही. "तुमची गाडी हॉर्न मारते का?" तिने विचारलं. मी म्हणालो, तिला हॉर्नची गरज पडत नाही, तिला सगळं दिसतं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

बरेच दिवस झाले, भीती वाटलेली नाही. पाय हवेत धरून पोटरीत गोळा यायचा, म्हणून आता खाली पायपुसणीवर टेकवतो. मॅडमही काही म्हणत नाहीत. भूक चांगली लागते. हे सगळं ममताला सांगितलं. मला वाटलं, तिला आनंद होईल. ती 'हं' म्हणाली आणि स्टेपलर शोधत राहिली.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आज लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

दुपारचे अडीच. तांड्याजवळचं वळण घेतलं. वेग बेचाळीस. समोर लालीबाईचं सोयाबीन, कडेला कुटाराचा ढीग. कडूनिंबाखालची तिची जागा रिकामी. मला वाटलं, आज घरी गेली. पडद्यावर रस्ता मोकळा होता. गाडी समोरून येणाऱ्या ट्रकला जागा द्यायला डावीकडे सरकली, कुटाराच्या बाजूला. अगदी शहाण्यासारखी सरकली.

कुटारात काहीतरी पांढरं दिसलं. गोल. मला वाटलं वाटी पडली आहे. मग दुसरं गोल दिसलं, त्याच्या शेजारी तिसरं. त्या बांगड्या होत्या.

पाय पायपुसणीवर होता. तिथून ब्रेकपर्यंत एक वीतभर अंतर आहे. ते अंतर मला आयुष्यभर पुरेल.

गाडी थांबली. मी खाली उतरलो तर चाक कुटारात शिरलेलं. चाकापासून एका हातावर लालीबाई, तोंडावर कुटार, घोरत होती. तिला जागही आली नाही. मी तिथेच रस्त्यावर बसलो.

मॅडम उतरल्या, पाहिलं, आणि परत जाऊन लॅपटॉप उघडला. मग त्यांचं पुण्याचं बोलणं गळून पडलं. "भाऊ, इथं काहीच नाही आलं. चौकोनच नाही. तिले याडी दिसलीच नाही. तिच्यासाठी तो रस्ताच हाय."

मीच शिकवलं. पहिल्या दिवशी ती थांबली होती. तिला कुटाराची भीती वाटली होती आणि तिचं बरोबर होतं. मी त्रेसष्ट वेळा तिची भीती मोडली.

३० ऑक्टोबर, गुरुवार

मॅडमना पुण्याला बोलावून घेतलं. जाण्याआधी त्यांनी कंपनीचा कागद दिला, सही करायला. 'चालकाने वेळेत हस्तक्षेप केला. कोणतीही इजा नाही. प्रणाली अपेक्षेप्रमाणे कार्यरत.' सोबत नवा करार. मी सही करणार होतो. ममताने कागद ओढून घेतला. दुसऱ्यांचे कागद वाचण्यातच तिचं आयुष्य चाललं आहे. तिने सगळा वाचला आणि एका ओळीवर नख ठेवलं.

'चालक आसनावर उपस्थित असताना घडलेल्या कोणत्याही घटनेस चालक जबाबदार राहील.'

"म्हणजे गाडी ते चालवतात, शिकवतात ते, आन माणूस मेलं तं ड्रायव्हर तुम्ही," ती म्हणाली. "तुम्हाले चालवाले नाही बसवलं. नाव लावाले बसवलं."

तुरुंगाची भीती वाटते, हो. पण त्याहून जास्त भीती आणखी दोन गाड्यांची वाटते. त्या आत्ता कुठल्या तरी कुटारावरून जात असतील.

सही केली नाही. नोकरी सोडली. पंजाबरावांना फोन करून सगळं सांगितलं. ते हसले. "तू पयलेपासूनच भित्रा. माह्यी गाडी मख्खन चालते."

३ नोव्हेंबर, सोमवार

दुकानात बसलो. स्टेपल मारले. दिवस बरा गेला असं लिहिणार होतो, पण अडीच वाजले आणि हातातले कागद खाली पडले. पुसदहून आलेल्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं की तुमची ती डोक्यावर डबा लावलेली गाडी आजही रस्त्यावर होती. आत कोणी मिशीवाले बसले होते. म्हणजे माझ्या जागी पंजाबरावांना आणलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळच्या एस.टी.ने तांड्यावर गेलो. लालीबाईला सगळं समजावून सांगितलं. गाडीत माणूस आहे पण चालवत नाही, हे तिला पटेना.

"चालवत नाही तं बसला कायले?"

रस्त्यावर निजू नको म्हणालो, तर म्हणाली, "गुडघे तुह्ये हायेत का माह्ये?" आणि जेवून आडवी झाली, कुटार ओढून. मी कडूनिंबाखाली बसून राहिलो. शेजारी बसलो की झालं, असं मला वाटलं होतं.

अडीचच्या सुमाराला गाडी वळणावर आली. बॅटरीवर चालते, तिचा आवाजच नसतो. मी धावत रस्त्याच्या मधोमध गेलो आणि दोन्ही हात वर केले. गाडीला मी दिसलो. मला माहीत आहे, माझ्याभोवती पिवळा चौकोन आला असणार. माणूस समोर आहे, बाजूला मोकळा रस्ता आहे. तिने मला वाचवलं. ती डावीकडे वळली. कुटाराकडे.

मी उभा राहिलो म्हणून ती तिकडे वळली. टॅबवरचा तो प्रश्न मीच तिला घातला आणि तिने निवड केली. पंजाबराव आत मान खाली घालून तंबाखू मळत होते.

कसा पोचलो माहीत नाही. कुटारात शिरलो आणि लालीबाईच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा राहिलो. डोळे मिटले. डोळे मिटताना मनात ममता वगैरे कोणी आलं नाही. उभा राहा, आडवा होऊ नको, आडवा तिला दिसत नाही, एवढंच आलं.

गाडी माझ्या मांडीला लागून थांबली. मांडी काळीनिळी झाली आहे.

पंजाबरावांची तंबाखू सांडली होती. ते काच खाली करून ओरडले, "मराचं हाय का बे तुले?" मी बोटाने खाली दाखवलं. त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "थांबली ना पण? मंग?"

आवाजाने लालीबाई उठली आणि मलाच शिव्या घालायला लागली. तिचा डोळा लागला होता, तिला कायले उठवलं, अशा. काय झालं ते तिला सांगूनही खरं वाटलं नाही. उद्या ती परत तिथेच निजणार.

५ नोव्हेंबर, बुधवार

मॅडमचा फोन आला. गाडीच्या प्रोग्रॅममधली चूक दुरुस्त करायला तीन आठवडे लागतील, आणि तोवर ती शिकायची तर तिला उलटं शिकवावं लागेल. प्रत्येक कुटारापाशी कोणीतरी ब्रेक दाबायला हवा, न चुकता. कंपनी फेऱ्या थांबवायला तयार नाही. त्या भांडल्या, पण त्यांचं कोणी ऐकलं नाही.

"पंजाबराव ब्रेक दाबणार नाहीत, भाऊ. तुम्ही परत या असं मी म्हणू शकत नाही. तो करार मी वाचला आहे. सही करू नका, हेच मी तुम्हाला सांगायला पाहिजे."

संध्याकाळी ममताला म्हणालो, "मी नाही बसलो तं तिथं पंजाबराव बसते."

तिने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि करार काढला. मला समोर बसवून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला, न शिकलेल्या गिऱ्हाइकांना वाचून दाखवते तसा. जबाबदारीची ओळ दोनदा वाचली.

"समजलं?" तिने विचारलं.

"समजलं."

"भेव वाटून राह्यलं?"

"लय."

तिने पेन दिलं. मी तिन्ही पानांवर सही केली. तिने एक झेरॉक्स काढून आपल्याकडे ठेवली.

१० नोव्हेंबर, सोमवार

सोयाबीन संपत आलं, पण रस्त्यावर अजून आहे. लालीबाईला तिच्या लेकाने, देवसिंगने, दोन दिवसांसाठी दवाखान्यात नेलं आहे, गुडघ्यांसाठी. म्हणून तिची काळजी नव्हती.

तरी पाय सगळा वेळ ब्रेकच्या वर धरला. पोटरी दगड झाली आहे. कुटार दिसलं की दाबतो, उतरतो, ढीग हाताने चाचपतो, मगच पुढे. मागचे लोक काय काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. 'नवा हाय का बे' म्हणणाऱ्या त्याच कंडक्टरने आज माझ्या आईचं नाव घेतलं. मॅडम पुण्याहून परत आल्या आहेत, मागे बसून नोंद करतात. गाडी अजून एकदाही आपणहून थांबली नाही. मी ब्रेक दाबला की ती पडद्यावर विचारते, अडथळा कोणता? मी दर वेळी 'माणूस' लिहितो.

आज अकरा ठिकाणी उतरलो. दहा ठिकाणी कुटारात कोणी नव्हतं.